हालचाल मर्यादित असणाऱ्यांसाठी संगणकसाधनांची निवड

अर्धांगवायू, कंपवात, संधिवात, मज्जारज्जूची इजा किंवा स्नायूंचा ऱ्हास यांमुळे नेहमीचा कीबोर्ड, माउस किंवा मोबाइल हाताळणे जड जाणाऱ्या व्यक्तीसाठी उपकरण, त्याची जोडसाधने आणि ते बसवण्याची रीत ठरवणे, म्हणजे ही निवड. ती बहुधा घरच्यांनाच करावी लागते आणि दुकानापासून सुरू झाली की हमखास चुकते. आधी शरीर पाहावे. कोणती हालचाल मनात येताच होते, दर वेळी तशीच होते आणि वीस मिनिटांनीही टिकते? ती बोटाची असेल, मानेची असेल, नुसती भुवईचीही असेल. सकाळी व संध्याकाळी दोन्ही वेळा पाहावे आणि थकल्यावर जी उरते तीच खरी धरावी. मिरजेसारख्या ठिकाणी रुग्णालयात तपासणीसाठी जाणे होतच असेल, तर त्याच फेरीत व्यवसायोपचारतज्ज्ञाचे (ऑक्युपेशनल थेरपिस्टचे) मत घ्यावे.

एक हात चालत असल्यास नवे काही घेण्याआधी विंडोजमधील ‘स्टिकी कीज’ सुरू करावे. शिफ्ट सलग पाच वेळा दाबली की ते सुरू करायचे का, असे विचारले जाते. मराठी लिहिणाऱ्याला याची गरज इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा जास्त. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीत ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही सगळी अक्षरे शिफ्टसह येतात. ण, ळ, श, षसुद्धा. साधे ‘आई’ लिहायचे तरी दोन्ही अक्षरांना शिफ्ट लागते. स्टिकी कीजमुळे शिफ्ट दाबून सोडायची आणि मग अक्षर दाबायचे. घरात दुसऱ्या कोणी त्याच संगणकावर दोन कळा एकदम दाबल्या, की ही सोय आपोआप बंद होऊ शकते. तो पर्याय सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकावा.

हात थरथरत असेल तर ‘फिल्टर कीज’ने चुकून दोनदा पडलेली कळ गाळता येते. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली तरी हीच सोय सुरू होते. मग कळा उशिरा उठतात आणि ‘कीबोर्ड बिघडला’ म्हणून तो उगाच दुरुस्तीला जातो. माउसऐवजी ट्रॅकबॉल (जागेवरच गोळा फिरवून बाण हलवायचे साधन) बरा: गोळा फिरवताना बटणावर हात नसतो, त्यामुळे क्लिक करताना बाण सरकत नाही. स्नायू दुबळे असतील तर मात्र मोठा, जड गोळा दमवतो. तिथे हलका टचपॅड चालतो.

बोटे अजिबात वळत नसल्यास स्विच, म्हणजे शरीराच्या कोणत्याही भागाने दाबता येईल असे एकच मोठे बटण. साधा स्विच ६ ते १२ सेंमी व्यासाचा असतो, त्याची पिन ३.५ मिमीची; संगणकाला वा मोबाइलला जोडायला वेगळा इंटरफेस (जोडणारी डबी) लागतो, तो सोबतच मागवावा. अँड्रॉइडच्या ‘स्विच ॲक्सेस’मध्ये साध्या कीबोर्डची एखादी कळही स्विच म्हणून नेमता येते. ओटीजी केबल (मोबाइलला कीबोर्ड जोडणारी वायर) लावून आधी तसेच करून पाहावे, पैसे नंतर घालावेत. यात पडद्यावर एक चौकट एकेका पर्यायावर आपोआप सरकते आणि हव्या पर्यायावर ती आली की स्विच दाबायचा; ती सुरुवातीला दोन सेकंदांहून जास्त थांबू द्यावी. घाई केली की माणूस चिडून सोडून देतो.

आवाजाने मराठी टंकन जीबोर्डवर (गूगलच्या मोबाइल कीबोर्डवर) होते, पण ते फक्त मजकूर उमटवते. ॲप उघडणे, मागे जाणे यासाठी आवाजी नियंत्रण वेगळे असते. ते मराठीत चालते का, हे प्रत्यक्ष बोलून पाहावे. अर्धांगवायूनंतर जीभ जड झाली असेल, तर एकट्या आवाजावर विसंबू नये. साताऱ्यातल्या पाटण, जावळीच्या डोंगरी गावांत रेंज जाते, तिथे मराठीचा ऑफलाइन संच मिळत असल्यास तो आधीच उतरवून ठेवावा. नजरेवर चालणारे उपकरण चेहऱ्यापासून साधारण ६० सेंमीवर लागते आणि खिडकीतले थेट ऊन त्याला अडवते.

साधन चांगले असूनही बसवणी फसते. लवचीक नळीचा स्टँड बोट लागताच डुलतो, त्यामुळे स्पर्श चुकतो. सांध्यांचा कडक हात घ्यावा. कॉटची पट्टी किंवा पाइप मोजूनच क्लँप आणावा. गोल पाइपवर तो फिरतो, म्हणून खाली रबर घालावा. लाईट जाते तिथे डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप किंवा टॅब्लेट सोयीचा. सांगलीत कृष्णाकाठच्या घरांनी २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिला आहे. तिथे झटकन सुटणारा क्लँप आणि माणसासोबत उचलून नेता येईल असे उपकरण हवे.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के दिव्यांग निधीतून मदत मागताना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) जोडावे. अर्जात नुसते ‘लॅपटॉप’ लिहू नये. स्विच, इंटरफेस, ट्रॅकबॉल, क्लँप हेही नावानिशी मागावे, कारण त्यांच्याशिवाय मिळालेला लॅपटॉप त्या व्यक्तीच्या हाती येतच नाही.