चिकट झालेलं बदक

आठवडी बाजारातून आणलेलं पिवळं बदक मे महिनाभर टिनाच्या छपराखाली पडून होतं. परवा उचललं तर बोटांना चिकटलं. सात महिन्यांच्या माझ्या भाचीला दात येतायत, ती हेच बदक चघळत बसायची.

असली मऊ खेळणी बहुधा पीव्हीसीची असतात. पीव्हीसी हे प्लॅस्टिक मुळात कडक, शेतातले पाइप त्याचेच. ते मऊ करायला त्यात थॅलेट नावाची तेलकट रसायनं मिसळतात, कधीकधी वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. ती प्लॅस्टिकशी जोडली जात नाहीत, नुसती रेणूंच्या मधे शिरून बसतात. कागदावर ठेवलेल्या वड्यातून तेल उतरावं तशी ती हळूहळू बाहेर येतात. लेकराच्या लाळेनं आणि चावण्यानं हे वाढतं, उन्हानंही. आणि आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो.

यांतली काही थॅलेटं शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. गाभण उंदरांना ती दिल्यावर नर पिल्लांच्या जननेंद्रियांची वाढ बिघडल्याचं प्रयोगांत दिसलं. युरोपनं लहानग्यांच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्यांत सहा थॅलेटांवर १९९९ मध्येच तात्पुरती बंदी घातली, पुढे ती कायम केली. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. बदकावर ते नव्हतं. बाजारात हे चिन्ह नक्की बघा, आणि उग्र वासाचं, हाताला तेलकट लागणारं खेळणं घेऊच नका.

थोरल्याची जुनी, काचेसारखी टणक दूधबाटली धाकट्याला देऊ नका. ती पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकची असू शकते आणि गरम दुधात तिच्यातून बिस्फेनॉल-ए हे संप्रेरकांत तशीच ढवळाढवळ करणारं रसायन उतरतं. त्यापेक्षा आजीचं बोंडलं किंवा वाटी-चमचा बरा.

बदक चुलीत टाकायला निघालेल्या वहिनीला मी थांबवलं. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात.

लाकडी खेळणं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. झगझगीत पिवळ्या ऑइलपेंटमध्ये शिशाचं क्रोमेट असू शकतं, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. म्हणून तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या सणासाठी, सुताराला आत्ताच सांगून ठेवलंय: बैल सागाचा, बिनरंगी, वरून नुसता जवसाच्या तेलाचा हात.