एनिस्कॉर्थी: स्लेनीकाठचं बाजाराचं गाव

१८०३ साली आधी दिल्लीजवळ पटपडगंजला आणि मग लासवाडीला दौलतराव शिंद्यांच्या पलटणी मोडणारा जनरल लेक मराठी वाचकाला ठाऊक असतो. हाच लेक त्याआधी पाच वर्षं आयर्लंडमधल्या एका बाजाराच्या गावावर तोफा घेऊन चालून गेला होता, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितलं जातं. ते गाव म्हणजे वेक्सफर्ड काउंटीतलं एनिस्कॉर्थी.

गाव नदीमुळेच वसलं. समुद्राच्या भरतीचं पाणी स्लेनी नदीतून इथवर चढतं, त्यामुळे सपाट बुडाच्या होड्या (तिथे त्यांना 'कॉट' म्हणतात) माल घेऊन वेक्सफर्ड बंदरापर्यंत ये-जा करत. पूर्वतीरावर सहाव्या शतकात संत सेनन यांनी मठ स्थापला असं परंपरा सांगते. पुढे इंग्लंडकडून नॉर्मन सरदार आले, त्यांनी किल्ला बांधला आणि वस्ती त्याभोवती वाढली. आज दिसणारा, कोपऱ्यांना गोल बुरूज असलेला किल्ला बराचसा १५८०च्या दशकात हेन्री वॉलप या इंग्रज अधिकाऱ्याने नव्याने उभारला. वॉलपचा डोळा आसपासच्या जंगलांवर होता. झाडं तोडायची, पिंपांसाठी फळ्या पाडायच्या आणि नदीवाटे बंदरात धाडायच्या, हा त्याचा धंदा. बाजार भरभराटला, पण तो परक्या मालकाच्या हातात.

परक्या सत्तेविरुद्धची खदखद इंग्रजी राजवटीविरुद्धच्या १७९८च्या उठावात बाहेर पडली. २८ मे रोजी फादर जॉन मर्फी या कॅथलिक धर्मगुरूंच्या मागे निघालेले शेतकरी गावाच्या डफ्री गेट नाक्यावर आले. समोर बंदुका, यांच्या हाती बहुतांशी लांब भाले. त्यांनी गुरांचा कळप पुढे हाकलला. उधळलेली जनावरं थेट शिपायांच्या रांगांत घुसली आणि गाव पडलं. ज्यांचं आयुष्य गुरं हाकण्यात गेलं, त्यांनाच ही युक्ती सुचावी.

मग नदीपलीकडच्या व्हिनेगर हिलवर उठावकऱ्यांचा तळ पडला. या नावाचा आंबट व्हिनेगरशी काही संबंध नाही. 'बोरांसारख्या फळांच्या रानाची टेकडी' अशा अर्थाच्या आयरिश नावाचं ते इंग्रजी तोंडात झालेलं रूप आहे. टेकडीवरच्या पवनचक्कीपाशी सरकारधार्जिण्या कैद्यांना ठार मारण्यात आलं. तो डाग उठावाच्या माथी आहेच आणि तो झाकू नये.

२१ जूनला लेकच्या फौजा वेगवेगळ्या दिशांनी टेकडीवर चढल्या. त्याच वेळी एक तुकडी पश्चिमेकडून गावात शिरली आणि गल्लोगल्ली लढत पुलापर्यंत आली. टेकडीवर बायकामुलंही होती आणि त्यांच्यावर तोफगोळे पडत होते. लेकच्याच हाताखालच्या जनरल नीडमची तुकडी वेळेवर पोहोचली नाही, तिच्या बाजूला फट राहिली आणि त्या वाटेने हजारो लोक निसटले. ज्या घरात जखमी उठावकरी ठेवले होते, ते मात्र त्यांच्यासकट जाळण्यात आलं. फादर मर्फी पुढे टलो गावी फासावर गेले. १८०१मध्ये लेक हिंदुस्थानात सरसेनापती म्हणून दाखल झाला.

गावाच्या मार्केट स्क्वेअरमध्ये आज फादर मर्फी आणि एक भालाईत तरुण यांचा पुतळा आहे. शिल्पकार ऑलिव्हर शेपर्ड. वर संत एडन यांचं कॅथेड्रल. ब्रिटिश पार्लमेंटच्या अंतर्भागाची सजावट करणाऱ्या प्यूजिनने त्याचा आराखडा केला. काम १८४३मध्ये सुरू झालं आणि पाठोपाठ बटाट्याचं पीक बुडून मोठा दुष्काळ आला. अशा काळात या गावाने एवढं दगडी काम चालू ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. किल्ल्यात १९५१पर्यंत एक कुटुंब राहत होतं, आता तिथे संग्रहालय आहे.

१९१६मध्ये ईस्टर सणाच्या आठवड्यात ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या, डब्लिन हे केंद्र असलेल्या ईस्टर उठावातही एनिस्कॉर्थी मागे राहिलं नाही. २७ एप्रिलला स्वयंसेवकांनी गाव ताब्यात घेतलं आणि अथेनियम नावाच्या सभागृहाच्या इमारतीत ठाणं मांडलं. डब्लिन शरण गेल्याची बातमी आली, पण त्यांचा विश्वास बसेना. दोघा अधिकाऱ्यांनी डब्लिनला जाऊन तुरुंगात उठावाचा नेता पॅट्रिक पिअर्स याची भेट घेतली. पिअर्सने स्वतःच्या हाताने आदेश लिहून दिला. तो कागद गावात पोहोचल्यावरच, १ मे रोजी, शस्त्रं खाली ठेवली गेली. दोन दिवसांनी पिअर्सला गोळ्या घातल्या.