सिलांग आणि पालारिस : शेजारच्या दोन प्रांतांतले दोन उठाव

फिलिपिन्सच्या इतिहासात 1762-63 या काळाचं पान उघडलं की दोन नावं पाठोपाठ येतात : दिएगो सिलांग आणि हुआन दे ला क्रूझ पालारिस. लुझोन बेटाच्या उत्तरेकडचे शेजारी प्रांत (सिलांगचा इलोकोस, पालारिसचा पांगासिनान), शत्रू एकच, तेव्हाचा राज्यकर्ता स्पेन, कारणंही तीच, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी दोघांना एकाच वाक्यात गुंडाळून मोकळं होतात. त्यात आणखी एक घोळ आहे. सिलांगचं जन्मगाव बहुधा आरिंगाय असं सांगतात. ते आज ला युनियन प्रांतात आहे, पण हा प्रांत 1850 साली तयार झाला. सिलांगच्या वेळी आरिंगाय पांगासिनानमध्ये मोडायचं. म्हणजे इलोकानोंचा, इलोकोसच्या लोकांचा, हा पुढारी कागदोपत्री पालारिसच्याच प्रांतात जन्मलेला!

दोघांनाही संधी मिळाली ती इंग्रजांमुळे. 1762 च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी मनिला घेतलं. ही मोहीम आपल्या मद्रासहून निघाली होती, तिच्यात तिथले शिपाईही होते आणि पुढे मनिलाचा कारभार बघायला बसला तो ईस्ट इंडिया कंपनीचा ड्रेक हाही मद्रासचाच. स्पॅनिश न्यायाधीश सिमॉन दे आन्दा मनिलाबाहेर निसटला आणि पाम्पांगातल्या बाकोलोरमधून सरकार चालवू लागला. राजधानी परक्यांच्या हातात, राज्यकर्ते पळालेले. हे गावोगाव कळायला कितीसा वेळ लागणार?

आधी पेटलं पांगासिनान. 3 नोव्हेंबर 1762 ला बिनालातोंगान गावात लोक उठले. त्यांची मागणी मला फार हिशेबी वाटते : वसूल केलेला कर परत द्या. मनिला गेलं, स्पेनचा अंमल संपला, मग हे पैसे तुम्ही कुणाच्या नावाने ठेवून घेता? शिवाय अलकाल्दे मायोर, म्हणजे प्रांताचा कारभारी, त्यालाही हटवा. पालारिस तरुणपणी मनिलात एका स्पॅनिश अधिकाऱ्याच्या घरी गाडीवान होता. साहेबांच्या घरातली बोलणी त्याच्या कानांवर पडलेली असणारच.

सिलांग दीडेक महिन्याने उठला, 14 डिसेंबरला, इलोकोसमधल्या विगानमध्ये. तोही तसा नोकरदारच : विगानच्या पाद्र्याचा निरोप्या, पत्रं घेऊन मनिलाला ये-जा करणारा. त्याच्याही मागण्या कर आणि वेठबिगार बंद करा, कारभारी बदला याच होत्या. पण सुरुवातीला त्याची भाषा बंडखोराची नव्हतीच. आपण स्पेनच्या राजाशी एकनिष्ठ आहोत, असं तो म्हणत होता. इतकंच नव्हे, त्याने नाझरेथच्या येशूला इलोकोसचा सरसेनापती जाहीर केलं आणि स्वतःकडे त्याच्या हाताखालचं पद घेतलं. आता पाद्री येशूविरुद्ध लढणार कसे? डाव बेरकी होता, पण बिशप बेर्नार्दो उस्तारिसने त्याला भीक घातली नाही.

दोघांच्या वाटा इथून वेगळ्या होतात. स्पॅनिशांनी शरण ये म्हणून धमकावलं, तेव्हा सिलांग इंग्रजांकडे वळला आणि इंग्रज राजाच्या नावाने इलोकोसचा कारभारी म्हणून नेमणूक स्वीकारली. आश्वासन दिलेली फौज मात्र आली नाही. 1763 च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये इंग्लंड-स्पेनचा तह होऊन गेला होता, फक्त एवढ्या लांब बातमी पोचायला महिने लागत. पालारिसचा सिलांगशी पत्रव्यवहार होता, पण सिलांगसारखी इंग्रजी नेमणूक काही त्याच्या पदरात पडली नाही. म्हणून ‘इंग्रजांचा माणूस’ असा उल्लेख कुठे दिसला, तर तो सिलांगबद्दलचा समजावा. त्याने इंग्रजांकडे जाणं मला गद्दारी वाटत नाही, दोन दगडांवर पाय ठेवण्याखेरीज त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

28 मे 1763 ला सिलांगचा खून झाला. मारणारा मिगेल व्हिकोस हा त्याचाच मित्र, आणि त्याला फूस होती चर्चची. उठाव तिथेच संपला असता, पण सिलांगच्या बायकोने, गाब्रिएलाने, सूत्रं हातात घेतली. ती आब्राच्या डोंगराळ भागात गेली, माणसं जमवली आणि सप्टेंबरात विगानवर चालून आली. हल्ला फसला. 20 सप्टेंबर 1763 ला विगानमध्ये तिला फाशी दिली. आज मनिलाजवळच्या मकातीत घोड्यावर बसलेल्या, कोयता उगारलेल्या गाब्रिएलाचा पुतळा आहे. फिलिपिन्समधल्या महिला संघटनांच्या एका मोठ्या आघाडीचं नाव तिच्यावरून आहे, तटरक्षक दलाच्या एका जहाजाचंही. सिलांग घरोघरी ठाऊक राहिला यात नवऱ्याइतकाच बायकोचाही वाटा आहे.

पालारिस त्यामानाने मागे पडला, पण टिकला जास्त. सिलांगचं बंड एका माणसाभोवती आणि मग त्याच्या कुटुंबाभोवती फिरत होतं. इकडे पांगासिनानमध्ये 1763 सालचा मोठा भाग स्पॅनिशांना पाय रोवता येत नव्हता. इंग्रज 1764 मध्ये मनिला सोडून गेले आणि स्पॅनिशांचे हात मोकळे झाले, तरी पालारिस सापडला 1765 च्या जानेवारीत. त्यालाही आपल्याच माणसाने दगा दिला, त्याची बहीण सिमेओना हिने ठावठिकाणा सांगितला असं म्हणतात. पुढच्या महिन्यात त्याला फाशी झाली.

‘दोन शेजाऱ्यांचा एकजुटीचा लढा’ असं चित्र काही जण रंगवतात. ते मला पटत नाही. पालारिसला चिरडायला उत्तरेकडून आलेल्या मानुएल आर्साच्या फौजेत स्पेनशी इमान राखलेले इलोकानोच होते. हाच आर्सा आधी गाब्रिएलाविरुद्धही लढला होता. बिनालातोंगान हे नावसुद्धा नकाशावर उरलं नाही. त्या गावाचं सान कार्लोस झालं, स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या मानार्थ.