व्यापारी वसुलीचा दावा: त्याआधी मध्यस्थीचा अर्ज, आणि तो कुठे अडतो

मालाचे पैसे अडकले, वकिलाची नोटीस दिली, पंधरा दिवस वाट पाहिली आणि दावा लावला. वाणिज्यिक न्यायालयात हा जुना क्रम आता चालत नाही. वाणिज्यिक न्यायालय कायदा 2015 मध्ये 2018 साली कलम 12अ आलं. तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीचा अर्ज करायचा, मगच दावा. पाटील ऑटोमेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे सक्तीचं ठरवलं. 20 ऑगस्ट 2022 पासून अर्जाशिवाय आलेला दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7, नियम 11 खाली नामंजूर होतो. वकिलाची नोटीस म्हणजे मध्यस्थी नव्हे, हे अजूनही अनेकांना दावा परत आल्यावर कळतं.

वाद व्यापारी हवा आणि रक्कम किमान 3 लाख. मित्राला दिलेले हातउसने यात येत नाहीत. पण रक्कम मोजताना दावा दाखल करण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज धरतात. बिल 2,80,000 चं, वर्षभराचं 18 टक्के व्याज 50,400, म्हणजे मागणी 3,30,400. ‘आपलं तीन लाखांच्या आत आहे’ असं म्हणून साध्या दिवाणी न्यायालयात गेलेले इथेच फसतात.

अर्ज नमुना 1 मध्ये, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. फी 1000 रुपये, डिमांड ड्राफ्टनं किंवा ऑनलाइन. वादाचा गोषवारा 5000 शब्दांच्या आत हवा. दोन पानं पुरतात. बिलं, डिलिव्हरी चलन, खातेउतारा, व्याजाची अट असलेली ऑर्डर, कंपनी असेल तर सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, हे सोबत ठेवा.

खरी गोची समोरच्याच्या नावापत्त्याची. बिलावर दुकानाचं नाव असतं, भागीदारांची नावं कुणालाच ठाऊक नसतात. जीएसटी नोंदणीवरचा पत्ता पाहा, भागीदार शोधा, ईमेल लिहाच, कारण नोटीस टपालानं आणि इलेक्ट्रॉनिक मार्गानं अशी दोन्हीकडून जाते. मध्यस्थीच्या अर्जात एक भागीदार आणि दाव्यात तीन असं झालं, की उरलेल्या दोघांचा वकील पहिल्याच तारखेला हरकत घेतो.

नोटिशीत दहा दिवसांच्या आतली तारीख मिळते, उत्तर नाही आलं तर अंतिम नोटीस. तरीही समोरचा आला नाही किंवा नाही म्हणाला, तर नमुना 3 मधला नॉन-स्टार्टर रिपोर्ट, म्हणजे मध्यस्थी सुरूच झाली नाही असा अहवाल, मिळतो. तो मिळाला की दावा लावता येतो. तीन महिने थांबायची गरज नाही! तीन महिने ही मध्यस्थी संपवायची मुदत आहे, दोघांच्या संमतीनं आणखी दोन महिने मिळतात. दावा लावायची मुदत मोजताना वजा होतो तो फक्त मध्यस्थीत गेलेला काळ. रिपोर्ट पंचविसाव्या दिवशी आला तर पंचवीस दिवस, सरसकट पाच महिने नव्हेत. दाव्याची तीन वर्षांची मुदत संपत आली असेल तर मध्यस्थीच्या अर्जाची आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा. मध्यस्थी कायदा 2023 मधले 120 दिवस इथे लावू नका. 9 ऑक्टोबर 2023 ला त्याची जी कलमं लागू झाली त्यात मुदतीचं कलम नव्हतं.

न येणाऱ्याला आपल्या नियमांत दंडच नाही, मग तो कशाला येईल? इटलीत सक्तीच्या मध्यस्थीला सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलं तर न्यायाधीश त्याचा पुराव्यात विचार करू शकतो, शिवाय न्यायालयीन शुल्काच्या दुप्पट रक्कम भरायला लावतो. तुर्कस्तानात 2019 पासून व्यापारी वसुलीला मध्यस्थीची अट आहे, मुदत सहा आठवडे, फार तर दोन वाढीव. तिथे दाव्यासोबत अंतिम अहवाल जोडायचा राहिला तर न्यायालय आठवडा देतं. मध्यस्थाकडे गेलाच नसाल तर मात्र दावा सरळ फेटाळला जातो. कागद विसरलेला आणि पायरीच गाळलेला, यांत तिथल्या कायद्यानं फरक केला आहे. इंग्लंडमध्ये उलटी तऱ्हा: 10,000 पौंडांपर्यंतच्या पैशाच्या दाव्यात मे 2024 पासून दावा दाखल झाल्यानंतर फोनवर तासाभराची मोफत मध्यस्थी.

आपल्याकडे समोरचा आला तर मध्यस्थाची फी दोघांत निम्मी-निम्मी: 3 ते 10 लाखांच्या वादाला 15,000, 50 लाखांपर्यंत 30,000, 3 कोटींच्या वर 75,000.

ही पायरी टाळायला काहीजण दाव्यात उगाच मनाई हुकमाचा अर्ज जोडतात. यामिनी मनोहर प्रकरणानंतर (2023) न्यायालय तो अर्ज खरा की देखावा हे तपासतं, त्यामुळे ही पळवाट धोक्याची.

तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याचा दर्जा आहे, थेट दरखास्त, म्हणजे न्यायालयामार्फत अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते. म्हणून मजकूर घाईत उरकू नका. ‘रक्कम लवकरात लवकर देईन’ याची वसुली करता येत नाही. हप्त्याची तारीख, रक्कम, कोणत्या खात्यात, आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी बाकी व्याजासह लगेच देय, हे वाक्य सहीआधी त्यात घालून घ्या.