संदेशजाल-दोषसंकेत, मोटारगाडीतील : स्वरूप व निदान

मोटारगाडीतील इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग इत्यादींची नियंत्रक मॉड्यूल (छोटे संगणक) एकमेकांशी अखंड संदेशांची देवाणघेवाण करीत असतात. ती तुटली म्हणजे मॉड्यूलच्या स्मृतीत ‘यू’ अक्षराने सुरू होणारा संकेत नोंदला जातो. कोणते मॉड्यूल बिघडले हे हा संकेत सांगत नाही. कोणाचा आवाज कोणाला ऐकू आला नाही, एवढेच सांगतो. निदानाची सगळी पद्धत या भेदावर उभी आहे.

ही देवाणघेवाण मुख्यतः कॅन या दोन तारांच्या जाळ्यावर चालते. बॉश कंपनीत १९८३च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले. फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील अभियंत्यांच्या अधिवेशनात कीन्के, डाइस व लिट्शेल यांनी ते मांडले आणि १९८७ मध्ये इंटेलची पहिली चिप आली. विक्रीच्या मोटारीत ते प्रथम कधी आले याबद्दल एकमत नाही. काही ठिकाणी हा मान १९८८च्या बीएमडब्ल्यू ८ मालिकेला दिलेला आढळतो. तथापि ती मोटारच सप्टेंबर १९८९ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली, त्यामुळे निदान ते साल तरी स्वीकारणे कठीण आहे. मर्सिडीझच्या डब्ल्यू१४० या १९९१च्या मोटारीकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते. तीतही हे जाळे सुरुवातीपासून होते की नाही, याबद्दल वर्षभराचा फरक धरून चालावे. कॅनचे आयएसओ ११८९८ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९३ मध्ये आले. अमेरिकेत २००८च्या मॉडेलांपासून निदानासाठी कॅन सक्तीचे झाले. भारतात भारत स्टेज ४ या प्रदूषण-मानकाच्या मोटारींना ओबीडी-२ ची (गाडीतच असलेल्या दोषनिदान यंत्रणेची) अट १ एप्रिल २०१३ पासून लागू झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांत निदानाची तार सात क्रमांकाच्या पिनवर असते. म्हणून जुनी गाडी आली की स्कॅनर जोडायच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा या कॅनच्या पिना आहेत का, हे आधी डोळ्यांनी पाहावे.

‘यू०’ने सुरू होणारे संकेत सर्व उत्पादकांना समान असतात, तर ‘यू१’ व ‘यू२’ उत्पादकाचे स्वतःचे. यू०१०० म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. यू०१०१ गिअरबॉक्सचा, यू०१२१ एबीएसचा (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा), यू०१४० बॉडी कंट्रोलचा (दिवे, कुलपे, काचा इत्यादी सांभाळणाऱ्या मॉड्यूलचा). यू०००१ व यू००७३ मुख्य जाळ्याकडेच बोट दाखवतात. एखाद्या मॉड्यूलचा प्रेषणातील चुकांचा हिशेब २५५च्या वर गेला की ते स्वतःहून जाळ्यातून बाजूला होते. यू००७३ त्या अवस्थेशी निगडित आहे.

निदानाला सुरुवात स्कॅनरने होते, पण एकच संकेत वाचून थांबता येत नाही. सर्व मॉड्यूल उघडून कोण उत्तर देते व कोण कोणाची तक्रार करते, हे कागदावर मांडावे लागते. इंजिन, स्टिअरिंग व चालकासमोरचा मीटर तिन्ही यू०१२१ दाखवत असतील आणि एबीएस स्वतः उत्तर देत नसेल, तर आधी त्याचा फ्यूज, मग अर्थिंग, मग त्याच्याकडे जाणारी फांदी तपासावी. मॉड्यूलचा विचार सर्वांत शेवटी. कोणतेच मॉड्यूल उघडत नसेल तर संशय मुख्य जोडतारेवर जातो. त्या वेळी इग्निशन बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह काढून, मॉड्यूल शांत होऊ देऊन सहा व चौदा या पिनांमध्ये मल्टिमीटर लावतात. तारेच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असल्यामुळे मीटरवर ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक सुटले आहे. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना लागल्या आहेत. ४०च्या आसपास आले तर कोणीतरी बाहेरून तिसरा रोध जोडला आहे. अनेक नव्या गाड्यांत सॉकेटमागे गेटवे, म्हणजे जाळ्याचे तुकडे जोडणारे मधले मॉड्यूल, असतो. तिथले मोजमाप केवळ त्या तुकड्यापुरते खरे. आतली फांदी तिच्या कपलरवरच (तारा जोडणाऱ्या प्लगवरच) मोजावी लागते. बॅटरी जोडून जाळे स्वस्थ असताना दोन्ही तारांवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. संदेश जाताना एक साडेतीनपर्यंत चढते, दुसरी दीडपर्यंत उतरते. दोष तरीही सापडला नाही तर एकेक मॉड्यूलचा कपलर काढत जातात; ज्याच्या निघण्याने जाळे जागे होते, त्याच्याकडे लक्ष द्यावे.

गोव्यात या दोषांमागे पाण्याचा व मिठाचा हात मोठा आहे. जून ते सप्टेंबर या काळात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि किनाऱ्याला वर्षभर खारा वारा लागतो. आंब्याखाली उभ्या गाडीत पुढच्या काचेखालच्या गटारीत पालापाचोळा साचतो, निचऱ्याचे भोक बुजते आणि पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरते. अनेक मॉडेलांत बॉडी कंट्रोलचे कपलर तिथेच जवळ असतात. कपलर उघडला की पिनेवर हिरवट भुकटी दिसते. मांडवी व झुआरीच्या भरतीचे पाणी किंवा समुद्रकिनारी नेलेल्या भाड्याच्या गाडीला लागलेले पाणी पावसाच्या पाण्याहून कितीतरी जास्त वाहक असते. त्यामुळे शेजारच्या पिनांमध्ये गळती होते आणि गाडी वाळली की संकेत नाहीसा होतो. मेस्त्री अशा वेळी हार्नेस (तारांचा जुडगा) हलवत, मल्टिमीटरकडे पाहत दोष पकडतात. ही रीत महागड्या यंत्राहून उपयोगी ठरते. उंदरांनी कुरतडलेल्या तारा हे दुसरे नेहमीचे कारण. पावसाळ्यात पर्यटक कमी झाल्यावर भाड्याच्या गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहतात व बॅटरी उतरते. स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली येताच अनेक मॉड्यूल क्षणभर गप्प होतात आणि जुने संकेत रांगेने साठतात. म्हापसा, फोंडा वा मडगाव कुठेही असो, गॅरेजात गाडी येताच आधी बॅटरी तपासावी, संकेत पुसावेत आणि कोणते परत येतात ते पाहावे. संकेत दिसताच मॉड्यूल बदलण्याचा सल्ला देणे ग्राहकावर अन्याय करणारे आहे. बहुतेक ठिकाणी नवे मॉड्यूल गाडीला कोड करून घ्यावे लागते आणि खरा दोष तारेत तसाच राहतो.

दुरुस्ती करताना दोन तारांचा पीळ शक्य तितका टिकवावा, कारण बाहेरील विद्युत गोंगाट त्यानेच थोपवला जातो. जोड झाळून वा क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) त्यावर पाणीरोधक नळी चढवावी. केवळ पिळून टेप गुंडाळलेला जोड ओलाव्यात लवकर उघडा पडतो.

लिन या साध्या एकतारी जाळ्याचे आणि २०१२ मध्ये पुढे आलेल्या कॅन-एफडीचे निदान याच तत्त्वांवर चालते. मात्र लिनची विश्रांतीची पातळी बॅटरीच्या व्होल्टेजजवळ असते.