रेखांकन नामंजूर झाल्यास करावयाचे कलम ४७ खालील अपील

महाराष्ट्रात महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीतील जमिनीचे निवासी भूखंड पाडायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते, कारण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील ‘विकास’ या संज्ञेत जमिनीचे रेखांकन (भूखंड, रस्ते व मोकळ्या जागांची आखणी, म्हणजे लेआउट) आणि पोटविभागणी या दोन्हींचा समावेश आहे. कलम ४४ खालील असा अर्ज कलम ४५ अन्वये नामंजूर झाला, किंवा मान्य नसलेल्या अटी घालून मंजूर झाला, तर अर्जदाराला कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येते. सुनावणी शासन किंवा शासनाने नेमलेला, किमान उपसचिव दर्जाचा अधिकारी घेतो. अपिलाचा हा हक्क अर्जदाराचा आहे. शेजाऱ्याला या कलमाचा आधार घेता येत नाही.

अपिलाची मुदत ४० दिवसांची असून ती आदेश कळवल्याच्या दिनांकापासून मोजली जाते. आदेशावर ३ तारीख असेल आणि टपाल १९ तारखेला हाती पडले असेल, तर हा फरक सिद्ध करणारा पुरावा म्हणजे पोस्टाचा शिक्का असलेला लिफाफा. तो बहुतेक जण फाडून टाकतात. त्रुटीपत्र, म्हणजे अर्जातील उणिवा कळवणारे पत्र, ही नामंजुरी नव्हे, त्याला उत्तर द्यायचे असते. अर्ज किंवा त्रुटीचे उत्तर मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते खरे, परंतु प्रस्ताव सर्व नियमांशी तंतोतंत जुळत असेल तरच; त्यामुळे या मानीव परवानगीवर विसंबून रस्ते आखणे धोक्याचे आहे.

नामंजुरीची कारणे आदेशात लिहिणे नियोजन प्राधिकरणावर (म्हणजे महापालिका किंवा नगरपरिषदेवर) बंधनकारक आहे आणि अपिलाचा मसुदा त्या कारणांवरच उभा राहतो. समजा, जमीन ४१ गुंठे, म्हणजे सुमारे ४,१४८ चौरस मीटर आहे आणि १० टक्के मोकळी जागा सोडली नाही म्हणून नकार आला. एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ही जागा ०.४ हेक्टर (४,००० चौरस मीटर) किंवा त्याहून अधिक क्षेत्रासाठी लागते आणि ते क्षेत्र विकास योजनेतील (शहराच्या जमीन वापराच्या मंजूर आराखड्यातील) रस्ता वजा करून धरायचे असते. रस्त्यात ३ गुंठे जात असतील तर उरलेले क्षेत्र साधारण ३,८४५ चौरस मीटर भरते, आणि अपिलात मांडण्याजोगा मुद्दा हाच आहे. याउलट मोजणी नकाशाच जोडलेला नसेल, तर अपिलात महिने घालवण्यापेक्षा दुरुस्त प्रस्ताव पुन्हा दाखल करणे शहाणपणाचे.

अपिलासोबत नामंजुरीचा आदेश, मूळ अर्ज व त्याची पोच, नाकारलेले रेखांकन, त्रुटींचा पत्रव्यवहार, अलीकडचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भूमी अभिलेख विभागाचा मोजणी नकाशा, विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला (जमीन कोणत्या वापर विभागात येते याचा दाखला) जोडावा. प्रतिनिधी असल्यास अधिकारपत्रही द्यावे. विहित शुल्क असल्यास ते भरावे लागते.

दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी देऊन अपील फेटाळले जाते किंवा विनाअट अथवा सुधारित अटींसह परवानगी दिली जाते. अपील दाखल असणे म्हणजे परवानगी नव्हे, त्यामुळे तोवर भूखंडांची विक्री करू नये. नकाराचे मूळ विकास योजनेत सार्वजनिक कामासाठी ठेवलेल्या आरक्षणात असेल आणि जमिनीचा वाजवी उपयोगच उरत नसेल, तर कलम ४९ खालील खरेदी सूचनेचा, म्हणजे जमीन विकत घ्या अशी नोटीस देण्याचा, स्वतंत्र मार्ग आहे. अपिलाचा निर्णय विरोधात गेल्यास कलम १४९ मुळे दिवाणी दावा चालत नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.