घरगुती सुटे लाकडी बास्केटबॉल मैदान

कठीण लाकडाच्या फळ्यांचे तक्ते कोब्यावर एकमेकांना जोडून अंथरलेले आणि हंगाम संपला की उकलून ठेवता येणारे क्रीडांगण म्हणजे सुटे लाकडी मैदान होय. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील बोस्टन सेल्टिक्स संघाचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लांब फळ्यांची टंचाई असल्यामुळे १९४६ मध्ये त्या संघासाठी रेड ओकचे आखूड तुकडे जुळवून चौकोनी तक्ते करण्यात आले.

पूर्ण मैदान २८ × १५ मीटर असते. घरी त्याची गरज नसते. ६ × ७.२ मीटर जागेत १.२ मीटरचे ३० चौरस तक्ते बसतात आणि ४.९ मीटर रुंदीचा की-भाग (रिंगसमोरचा आयताकृती पट्टा) तसेच मागच्या रेषेपासून ५.८ मीटरवर असणारी फ्री-थ्रो (विनाअडथळा फेकीची) रेषा, दोन्ही त्यात येतात, ६.७५ मीटरची तीन गुणांची कमान मात्र अपुरी राहते. जागेला छप्पर हवेच, आणि ते उंच हवे. रिंग ३.०५ मीटरवर असली तरी तिच्यामागच्या बोर्डाची वरची कड ३.९५ मीटरपर्यंत जाते, त्यामुळे बंगल्याखालचे पार्किंग निरुपयोगी ठरते आणि उंच पत्र्याची शेड किंवा गोदाम हेच योग्य स्थान उरते.

तक्त्याचे तीन थर असतात. वर सुमारे २० मिलिमीटर जाड आणि ५७ मिलिमीटर रुंद फळ्या असतात, ज्यांत एकीच्या कडेची जीभ शेजारणीच्या खाचेत बसते. त्याखाली मरीन प्लाय (पाण्याला टिकणारे प्लायवुड) आणि तळाशी रबराच्या गाद्या येतात. तालमीचा हौदा ज्या कारणासाठी उकरून भुसभुशीत ठेवतात, त्याच कारणासाठी या गाद्या असतात: उडी मारून खाली येणाऱ्याच्या गुडघ्याला आणि घोट्याला बसणारा हादरा जमिनीने झेलला पाहिजे. मात्र मातीत चेंडू उसळत नाही. इथे तो काँक्रीटवरील उसळीच्या निदान ९० टक्के उसळावा, अशी युरोपीय मानकाची अपेक्षा आहे, म्हणून गाद्या फार मऊ घेऊन चालत नाही. कोब्याची पातळी ३ मीटर अंतरात ३ मिलिमीटरपेक्षा अधिक चुकलेली नसावी, अन्यथा तक्ते डुगडुगतात. तक्ते जोडण्याच्या पोलादी कड्या आणि खिळपट्ट्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील कोणत्याही चांगल्या यंत्रशाळेत मापाप्रमाणे करून मिळू शकतात. असा एक तक्ता ३५ ते ४० किलो भरतो. दोन माणसांना तो उचलता येतो.

खरी कसोटी हवेची आहे. अमेरिकेत सर्वमान्य असलेले हार्ड मेपल कठीण आणि फिकट रंगाचे असते, पण ओलाव्याने बरेच फुगते. लाकडातील ओलावा ४ टक्क्यांनी वाढला तर मेपलची ५७ मिलिमीटरची फळी सुमारे ०.८ मिलिमीटर रुंदावते. हा फरक एका फळीत नजरेत भरत नाही; ६ मीटर रुंदीत मात्र, फळ्यांना अडवणारे काही नसेल तर, तो ८ सेंटिमीटरच्या पुढे जातो. सागवान मेपलपेक्षा मऊ असले तरी जवळपास निम्मेच फुगते, म्हणून एप्रिलची कोरडी उष्णता आणि जुलैचा संततधार पाऊस दोन्ही सोसणाऱ्या कोल्हापुरात मुरलेले सागवान अधिक भरवशाचे मानावे. सागाच्या अंगच्या तेलामुळे पॉलियुरेथेनचा लेप नीट धरत नाही. लेप देण्यापूर्वी पृष्ठभाग पुसून तेल काढणे भाग असते. कोब्यातून वर चढणारी ओल अडवण्यासाठी गाद्यांखाली जाड प्लॅस्टिकचा कागद पसरतात आणि मैदानाच्या चारही कडांना मोकळी फट सोडतात.

या शहरात सुटेपणाचा मुख्य उपयोग पावसाळ्यापूर्वी मैदान उकलून ठेवण्यासाठी आहे. मे महिन्याच्या अखेरीस तक्ते उकलावेत, त्यांना क्रमांक घालावेत आणि मध्ये लाकडी पट्ट्या देऊन, वारा खेळेल असे आडवे रचावेत. उभे टेकवून ठेवल्यास ते वाकतात. वाळवी लागू नये म्हणून थप्पी जमिनीपासून उंच असावी लागते. पंचगंगेच्या पुराने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शाहूपुरी कुंभार गल्लीसारख्या सखल वस्त्यांत पाणी शिरले होते, म्हणून अशा भागात ही थप्पी वरच्या मजल्यावरच हवी. पावसाळा सरल्यावरही लगेच मांडणी करू नये. ऑक्टोबरच्या उन्हाने शेडमधील हवा सुकून तक्ते काही आठवडे तिथेच पडून राहिले की मग नोव्हेंबरात ते जोडावेत.